मे १९२७ : ठरावांचा महिना

मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये दादर-माहीमच्या समुद्राकडच्या बाजूला एक विस्तीर्ण मैदान लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव होते माहीम पार्क. दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, महापालिकेच्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे ते शिवाजी पार्क झाले. निमित्त होते शिवजन्माच्या त्रिशताब्दीचे. बखरींतल्या मितीप्रमाणे हा दिवस शके १८४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे ३ मे १९२७ रोजी आला.

या मैदानावरून १९२७ सालाकडे पाहिले, तर मे महिना विशेष गजबजलेला दिसतो. लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला तो याच महिन्यात. ब्रिटनने सोव्हिएत रशियाशी संबंध तोडले ते याच महिन्यात. जिनिव्हात पन्नास देशांनी जकातींच्या भिंतींवर खल केला, बर्लिनच्या पोलिसांनी नाझी पक्षावर बंदी घातली, मुंबईत काँग्रेसने हिंदू-मुस्लिम तडजोडीचा मसुदा मान्य केला आणि बदलापुरात डॉ. आंबेडकर शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष झाले.

पहिले महायुद्ध संपून साडेआठ वर्षे झाली होती आणि दुसऱ्याला बारा वर्षे अवकाश होता. लोकार्नोचा करार होऊन दीड वर्ष उलटले होते. जर्मनी राष्ट्रसंघात आला होता. जग सावरते आहे असा समज सर्वत्र होता आणि त्या समजाला पुरावेही होते. या महिन्याच्या घटना एकत्र मांडल्या की एक गोष्ट मात्र नजरेत भरते. जागोजागी परिषदा भरल्या आणि ठराव झाले. ते बहुतेक शहाणपणाचेही होते. पण त्यांतले टिकले फार थोडे. कोणते टिकले आणि का, हा या आढाव्याचा प्रश्न आहे.

आकाशातली शर्यत

त्या महिन्यातली सर्वांत मोठी बातमी विमानाची. न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला रेमंड ऑर्टेग या हॉटेलमालकाने २५,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. ८ मे रोजी चार्ल्स नन्जेसर आणि फ्रान्स्वा कोली हे दोन फ्रेंच वैमानिक उलट दिशेने, पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले आणि बेपत्ता झाले. बारा दिवसांनी, २० मे रोजी सकाळी, टपाल वाहून नेणारा पंचवीस वर्षांचा चार्ल्स लिंडबर्ग एकटाच न्यूयॉर्कजवळून उडाला. सुमारे ५,८०० किलोमीटर अंतर साडेतेहेतीस तासांत कापून २१ मेच्या रात्री तो पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर उतरला. तिथे लाखाच्या वर गर्दी जमली होती.

त्याच २० मे रोजी इंग्लंडमधल्या क्रॅनवेलहून कार आणि गिलमन हे ब्रिटिश हवाईदलाचे दोन अधिकारी हॉकर हॉर्सली विमानातून उडाले होते. त्यांना न थांबता हिंदुस्थान गाठायचा होता. इराणच्या आखातात, बंदर अब्बासजवळ, इंधन संपल्याने त्यांना विमान पाण्यात उतरवावे लागले. तोवर त्यांनी सुमारे ५,५०० किलोमीटर अंतर कापले होते. न थांबता कापलेल्या अंतराचा तो जागतिक विक्रम होता. लिंडबर्ग पॅरिसला उतरला आणि काही तासांतच तो विक्रम मोडला. दोघेही वाचले, पण त्यांची नावे आज विमानविद्येच्या अभ्यासकांखेरीज कुणाला ठाऊक नाहीत.

आपल्या दृष्टीने या अपयशी उड्डाणाचे मोल जास्त आहे. लंडन आणि हिंदुस्थान हवेने जोडण्याची ब्रिटिश सरकारला गरज होती आणि त्या गरजेमागे साम्राज्याचा कारभार होता. विक्रम मोडला तरी गरज उरली. मार्च १९२९ मध्ये इम्पीरिअल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. १९२७ मध्ये मात्र मुंबईला विलायतेची डाक बोटीनेच यायची, बॅलार्ड पिअरला उतरायची आणि तिला दोन आठवडे लागायचे. लिंडबर्गची बातमी मुंबईत तारेने आली आणि छापील मजकुरातून कळली. ऐकण्याची सोय अजून नव्हती. मुंबईचे आकाशवाणी केंद्र त्यानंतर दोन महिन्यांनी, २३ जुलै १९२७ रोजी, सुरू झाले.

यंत्रांच्या जगातली दुसरी नोंद २६ मेची. त्या दिवशी हेन्री फोर्डच्या कारखान्यातून दीड कोटीवी ‘मॉडेल टी’ मोटार बाहेर पडली आणि ते मॉडेल बंद झाले. स्वस्तातली एकाच साच्यातली मोटार आता गिऱ्हाइकाला पुरेनाशी झाली होती. त्याआधी ११ मे रोजी हॉलिवूडमध्ये चित्रपट अकादमीची स्थापना झाली. ऑस्कर पारितोषिके देणारी संस्था हीच.

जिनिव्हाचा सल्ला आणि गिरणगावाची मागणी

४ ते २३ मे या काळात जिनिव्हात राष्ट्रसंघाची जागतिक आर्थिक परिषद भरली. अध्यक्ष बेल्जियमचे जॉर्ज थ्युनिस होते. पन्नास देशांचे प्रतिनिधी आले. राष्ट्रसंघाबाहेरचे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया हेही त्यांत होते. महायुद्धाने युरोपात नव्या सीमा आखल्या आणि प्रत्येक सीमेवर नवे जकातनाके उभे राहिले, हे सर्वांचे दुखणे होते. जकाती वाढवणे आता थांबले पाहिजे आणि उलट दिशेने पावले पडली पाहिजेत, असा निष्कर्ष परिषदेने काढला.

सल्ला योग्य होता. पण प्रतिनिधी तज्ज्ञ म्हणून आले होते. त्यांच्या सरकारांवर या निष्कर्षाचे कसलेही बंधन नव्हते. तीन वर्षांनी, जून १९३० मध्ये, अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने जकाती आणखी चढवल्या, इतर देशांनी जशास तसे उत्तर दिले आणि मंदीच्या काळात जागतिक व्यापार आटत गेला.

मुंबईत बसून हा सल्ला वाचणाऱ्याला तो उलटाच वाटला असणार. परळ-लालबागच्या गिरण्या तेव्हा मंदीत होत्या. जपानी सूत आणि कापड स्वस्त पडत होते. तिथल्या गिरण्यांत बायका रात्रपाळीत राबतात आणि त्यामुळे आपल्याला स्पर्धा झेपत नाही, अशी मुंबईच्या मालकांची तक्रार होती. सरकारने फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखाली टॅरिफ बोर्ड नेमले होते आणि संरक्षक जकातीची मागणी त्याच्यापुढे होती. त्यात रुपयाच्या भावाची भर पडली. रुपयाची किंमत सोळा पेन्स ठेवावी असे सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास आणि मुंबईचे व्यापारी सांगत होते. सरकारने ती अठरा पेन्स ठरवली आणि मार्च १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ६८ विरुद्ध ६५ मतांनी ते विधेयक मंजूर झाले. रुपया महाग झाल्याने आयात माल स्वस्त झाला आणि गिरण्यांची अडचण वाढली. जिनिव्हा खुल्या व्यापाराचा उपदेश करत असताना मुंबईचे हात बांधलेले होते. चलन तिच्या हाती नव्हते आणि जकातही.

या अडचणीची किंमत कामगारांनी मोजली. खर्च कमी करायचा म्हणून गिरण्यांनी एका कामगाराकडे जास्त माग आणि जास्त चात्या सोपवायला सुरुवात केली. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप त्यातून झाला.

लंडनचा छापा आणि मुंबईचे लाल बावटेवाले

१२ मे रोजी लंडनच्या पोलिसांनी मूरगेट भागातल्या ‘आर्कोस’ या सोव्हिएत व्यापारी कंपनीच्या कचेरीवर छापा घातला. युद्धखात्याचा एक गहाळ कागद तिथे आहे असा संशय होता. झडती अनेक दिवस चालली आणि तो कागद सापडलाच नाही. तरीही बाल्डविन सरकारने मेच्या अखेरीस रशियाशी राजनैतिक संबंध तोडले. आपली बाजू पटवण्यासाठी पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये सोव्हिएत तारांतला मजकूर वाचून दाखवला. आपली सांकेतिक लिपी ब्रिटिशांनी फोडली आहे हे मॉस्कोला त्यातून कळले आणि त्यांनी ती बदलली. गुप्तहेर खात्याने वर्षानुवर्षे कमावलेले साधन एका भाषणात गेले. तोडलेले संबंध १९२९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने पुन्हा जोडले.

या प्रकरणाला मुंबईची एक बाजू आहे. ब्रिटिश पार्लमेंटमधले कम्युनिस्ट सभासद शापुरजी सकलातवाला मुंबईत जन्मलेले पारशी. जमशेटजी टाटा त्यांचे मामा. जानेवारी १९२७ मध्ये ते हिंदुस्थानात आले, गावोगाव भाषणे केली आणि वसंतात परतले. त्यानंतर सरकारने त्यांना मायदेशी पाऊल ठेवू दिले नाही. त्याच सुमारास मुंबईत कामगार-शेतकरी पक्ष उभा राहत होता. मिरजकर, जोगळेकर, घाटे, निंबकर ही त्यातली नावे. मेमध्येच या पक्षाचे ‘क्रांती’ हे मराठी पत्र निघू लागले. कानपूर कटाच्या खटल्यात शिक्षा झालेले श्रीपाद अमृत डांगे त्याच महिन्यात तुरुंगातून सुटले. वर्षभरात ही मंडळी गिरणगावात पोहोचली आणि सार्वत्रिक संपाचे नेतृत्व तिने केले. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या नावाखाली सरकारने त्यांना पकडले. लंडनच्या छाप्याने हवा तो कागद हाती लागला नाही. मुंबईतल्या एका लहानशा पत्राने मात्र वाचक मिळवले.

नकाशाच्या कडा

९ मे रोजी ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीत, कॅनबेरात, पार्लमेंटभवनाचे उद्घाटन ड्यूक ऑफ यॉर्कच्या हस्ते झाले. तोच पुढे सहावा जॉर्ज झाला. चारच महिन्यांपूर्वी, १८ जानेवारीला, नव्या दिल्लीतले गोलाकार कौन्सिल हाउस लॉर्ड आयर्विन यांनी खुले केले होते. एकाच साम्राज्यातली एकाच वर्षीची ही दोन सभागृहे. एकातल्या सभासदांना आपले सरकार बनवता येत होते आणि पाडताही येत होते. दुसऱ्यातल्यांनी मतदान जिंकले तरी व्हाइसरॉय आपल्या सहीने ते निष्फळ करू शकत होता.

२० मे रोजी जेद्दा इथे ब्रिटनने इब्न सौदशी तह केला आणि हेजाझ व नज्दवरची त्याची पूर्ण सत्ता मान्य केली. त्या महिन्याच्या बातम्यांत या तहाला फार जागा मिळाली नाही. मुंबईला त्याचा संबंध हजच्या यात्रेकरूंपुरता. त्यांच्या बोटी मुंबई बंदरातून सुटत. पाच वर्षांनी त्या राज्याचे नाव सौदी अरेबिया झाले आणि १९३८ मध्ये तिथे तेल लागले. सत्तरच्या दशकात कोकणातली हजारो घरे आखाती पैशावर उभी राहिली, त्या गोष्टीची सुरुवात शोधायची तर ती या तहापर्यंत जाते.

चीनमध्ये एप्रिलमधल्या शांघायच्या कत्तलीनंतर चँग कै-शेक आणि कम्युनिस्ट यांची फारकत झाली होती. मेमध्ये छांगशा इथे कम्युनिस्टांवर पुन्हा हत्यार चालले. महिन्याच्या अखेरीस जपानने शांतुंगमध्ये सैन्य पाठवण्याचे ठरवले. शांघायच्या रक्षणासाठी ब्रिटिशांनी जे सैन्य पाठवले त्यात हिंदी पलटणी होत्या आणि दुसऱ्यांचे स्वातंत्र्य दडपायला आपले शिपाई वापरू नका, असे काँग्रेस म्हणत होती. २२-२३ मेला चीनच्या कान्सू प्रांतात मोठा भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. अमेरिकेत मिसिसिपीचे बांध एप्रिलमध्ये फुटले होते आणि मेभर पाणी दक्षिणेकडे पसरत होते. लाखो लोक बेघर झाले. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या गुजरातेत महापूर आला आणि वल्लभभाई पटेलांच्या मदतकार्याने काँग्रेसला गावागावांत माणसे मिळवून दिली.

निकाराग्वात अमेरिकेने ४ मे रोजी भांडणाऱ्या पक्षांत समेट घडवला. सांदिनो नावाच्या एका सेनानीने तो मानला नाही आणि तो डोंगरात गेला. रोममध्ये २६ मे रोजी मुसोलिनीने लांबलचक भाषण केले आणि इटलीची लोकसंख्या चार कोटींवरून सहा कोटींवर गेली पाहिजे असे बजावले.

बर्लिनची बातमी सर्वांत लहान होती. नाझींच्या एका सभेतल्या मारहाणीनंतर ५ मे रोजी तिथल्या पोलिसांनी शहरात पक्षावर बंदी घातली. पक्षाचा बर्लिनमधला म्होरक्या होता योझेफ गोबेल्स. त्याने जुलैमध्ये ‘डेर आंग्रिफ’ हे वृत्तपत्र काढले आणि बंदीच्या काळात पक्ष त्या पत्रातून बोलत राहिला. मार्च १९२८ च्या अखेरीस बंदी उठली. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम बारा जागा मिळाल्या आणि धोका टळला असे पुष्कळांना वाटले. बंदी घालणारे हुकूम काढून घरी गेले होते. ज्यांच्यावर बंदी होती ते दररोज काम करत होते.

मुंबईतला ठराव

आता घरी येऊ. मे १९२७ च्या मध्यास अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक मुंबईत भरली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते श्रीनिवास अय्यंगार. गांधीजी बैठकीला नव्हते. मार्चच्या अखेरीस कोल्हापुरात त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली होती आणि मेमध्ये ते म्हैसूर राज्यातल्या नंदी टेकडीवर विश्रांती घेत होते. बैठकीच्याच दिवसांत, १६ मे रोजी, सुभाषचंद्र बोस यांची प्रकृतीच्या कारणाने सुटका झाली. ज्या मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी सहा वर्षे काढली होती, त्याच तुरुंगात बोसही होते.

बैठकीपुढे दिल्लीतले प्रस्ताव होते. २० मार्च रोजी जीनांच्या पुढाकाराने दिल्लीत जमलेल्या मुस्लिम नेत्यांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडायची तयारी दाखवली होती. त्यांच्या अटी अशा : सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा करावा; वायव्य सरहद्द प्रांत आणि बलुचिस्तानला सुधारणा द्याव्यात; पंजाब व बंगालमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात; मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा मिळाव्यात. मुंबईच्या बैठकीने ही तडजोड स्वीकारली. स्वतंत्र मतदारसंघांची १९०९ पासूनची गाठ सुटण्याची ती खरी संधी होती.

त्याच मे महिन्यात लाहोर पेटले. ३ ते ७ मे तिथे दंगल झाली. तिच्या मधोमध, ४ मे रोजी, लाहोर उच्च न्यायालयाने ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या प्रकाशकाला निर्दोष सोडले. कोणत्याही धर्माच्या संस्थापकावर टीका करणे हा प्रचलित कायद्याने गुन्हा ठरत नाही, असा न्यायमूर्ती दलीपसिंग यांचा अर्थ होता. मुसलमानांत संताप उसळला आणि सरकारने त्याच वर्षी दंडसंहितेत २९५-अ हे कलम घातले. ते कलम स्वतंत्र भारतातही चालत आले.

मुंबईच्या ठरावाला वर्षभर कुणी खंबीर वाली मिळाला नाही. डिसेंबरमध्ये मद्रास काँग्रेसने तडजोडीला पुन्हा मान्यता दिली. पण १९२८ च्या नेहरू अहवालात एक तृतीयांश जागांची अट गळाली आणि पंजाब-बंगालमधल्या राखीव जागाही गेल्या. मार्च १९२९ मध्ये जीनांनी आपले चौदा मुद्दे मांडले. मुंबईत मान्य झालेल्यांपैकी सिंधची अट पुढे अमलात आली, तीही ब्रिटिशांच्या हातून, १ एप्रिल १९३६ रोजी. एकत्र मतदारसंघांचा विचार मागे पडला, तो फाळणीपर्यंत पुन्हा डोके वर काढू शकला नाही.

महाड, बदलापूर, दादर

दिल्लीत मुस्लिम नेते जमले त्याच २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. हे तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव आधीच झालेला होता. दादरचे सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावर राहिला. त्याचा अंमल नगरपालिकेने केला नाही. हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा तो झाला. त्यांच्यावर हल्ला झाला आणि मग तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

मे महिना या दोन टोकांच्या मधला. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले होते आणि महाडच्या हल्ल्याचा जाब त्यातून विचारला जात होता. अशा वेळी ३ मे रोजी बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद आंबेडकरांकडे आले. दीड महिन्यापूर्वी ज्यांना एका गावाने पाण्यासाठी मारले, त्यांच्या पुढाऱ्याला दुसऱ्या गावाने शिवाजी महाराजांच्या उत्सवात मानाची जागा दिली. महाराजांचा वारसा कुणाचा, हा वाद तेव्हा महाराष्ट्रात जोरात होता. टिळकांच्या अनुयायांचा शिवाजी, सत्यशोधकांचा शिवाजी आणि कोल्हापूरच्या छत्रपतींचा शिवाजी यांत अंतर होते. बदलापूरने त्या वादाला आपल्यापुरते उत्तर दिले.

शिवाजीची ओढ सगळीकडे दिसत होती. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाचा पहिला मूकपट ‘नेताजी पालकर’ याच वर्षीचा. नानासाहेब करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ पुतळा पुढच्या वर्षी उभा राहिला. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे शिवचरित्र वीस वर्षे आधी प्रसिद्ध झाले होते. मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट देणारे केळुसकर हेच. शिवाजी पार्कच्या कडेच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

गंमत अशी की त्रिशताब्दीचे सालच वादग्रस्त होते. टिळकांनी १९१६ मध्ये पुढे आणलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ची होती. तिच्या हिशेबाने त्रिशताब्दी १९३० मध्ये यायला हवी होती. पुढे इतिहासकारांचा कौल याच तारखेकडे गेला आणि महाराष्ट्र सरकारनेही तीच स्वीकारली. मैदानाला नाव मिळाले ते जुन्या सालावरून.

त्याने नावाचे काही बिघडले नाही. याचे श्रेय अवंतिकाबाईंसारख्या माणसांना द्यावे लागते. इंदूरला जन्मलेल्या, परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या अवंतिकाबाई १९१७ मध्ये गांधीजींबरोबर चंपारण्यात गेल्या आणि तिथल्या खेड्यात त्यांनी शाळा चालवली. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले; प्रस्तावना टिळकांची होती. त्याच वर्षी गिरगावात त्यांनी हिंद महिला समाज काढला आणि आयुष्यभर चालवला. महापालिकेतला नावाचा ठराव हे त्यांच्या कामातले एक लहानसे कलम होते. एकदा हाती घेतलेले सोडायचे नाही, ही त्यांची रीत होती.

हिशेब

आता महिन्याचा जमाखर्च मांडू. जिनिव्हाचा ठराव तीन वर्षांत बुडाला, कारण तो पाळण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. लंडनची फारकत दोन वर्षांत मिटली. बर्लिनची बंदी अकरा महिने टिकली. मुंबईची तडजोड वर्षभरात विस्कटली. यांतला एकही निर्णय मूर्खपणाचा म्हणून पडला असे म्हणता येणार नाही; जिनिव्हा आणि मुंबई इथले तर दूरदृष्टीचे होते. ते पडले, कारण ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कुणाचा उरला नाही.

उलट टिकले काय ते पाहा. महाडचा मेलेला ठराव जिवंत झाला, कारण त्याच्यासाठी मार खाणारे आणि दहा वर्षे कोर्टात उभे राहणारे लोक होते. इब्न सौदचा तह टिकला, कारण ज्याच्याशी तो झाला त्याच्या हाती प्रत्यक्ष सत्ता होती. गिरणगावातली चळवळ टिकली, कारण तिचे कार्यकर्ते चाळीत राहत होते. याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. गोबेल्सनेही चिकाटीच दाखवली. चिकाटीला बरेवाईट कळत नाही, म्हणून सज्जनांनी ठराव करून स्वस्थ बसणे महाग पडते. मे १९२७ चा मला दिसणारा धडा हाच.

शिवाजी पार्कचे नाव टिकले तेही लोकांच्या वापराने. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला मेळावा इथे भरला, पिढ्यान्‌पिढ्या क्रिकेटपटू इथल्या मातीत तयार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला आंबेडकरांना वंदन करायला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक याच मैदानात मुक्काम करतात. बदलापूरच्या शिवजयंतीचे अध्यक्ष आणि त्या त्रिशताब्दीचे मैदान यांची गाठ अशी पडली आहे. ती कुणी ठरावाने घातलेली नाही. २०२० मध्ये महापालिकेने नावात ‘छत्रपती’ आणि ‘महाराज’ ही पदे जोडली, तरी टॅक्सीवाल्याला आपण अजून शिवाजी पार्कच सांगतो.

२०२७ मध्ये या नावाला शंभर वर्षे होतात. तेव्हा सत्कार होतील, फलक लागतील, ठरावही होतील. महापालिकेला आणि दादरकरांना एवढेच सांगणे आहे की ठराव करताना त्याखाली एका माणसाचे नाव लिहा आणि वर्षभराने त्याला जाब विचारा. सुरुवात अवंतिकाबाई गोखले यांच्या चरित्राची नवी आवृत्ती काढण्यापासून करता येईल.